‘९५ टक्के स्थिर’ म्हणजे नेमकं काय? एका वाक्याची उलटतपासणी



संशोधनाची तयारी करताना पेपर वाचायला सुरुवात केलीत की काही वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. रेडिओफार्मास्युटिकल्सच्या, म्हणजे किरणोत्सारी औषधांच्या पेपरांत असं एक वाक्य ठरलेलं आहे: ‘हे संयुग मानवी सीरममध्ये ३७ अंशांना इतके दिवस ९५ टक्क्यांहून अधिक स्थिर राहिलं.’ खाली एक आलेख, त्यावर जवळजवळ आडवी रेघ. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे जातो.

आजचा लेख या एका वाक्यावर आहे. कुठल्या एका गटावर किंवा एका पेपरावर मी बोट ठेवत नाहीये, ही सवय जगभर आहे. माझं म्हणणं एवढंच की या वाक्यातला आकडा बऱ्याचदा रेणूबद्दल कमी आणि चाचणीबद्दल जास्त सांगतो. हे ओळखता आलं नाही तर आपण चुकीच्या रेणूवर पीएच.डी.ची तीन वर्षं घालवू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्कॅनवर दिसलेला ठिपका कॅन्सरचा आहे की सुटलेल्या धातूचा, हा प्रश्न याच वाक्याला जोडलेला आहे. आपल्या कणकवलीहून माणसं रात्रीच्या कोकणकन्येनं परळला तपासणीला जातात, ती त्या ठिपक्याचं उत्तर घेऊन परत येतात. तेव्हा विषय वाटतो तेवढा पुस्तकी नाही.

आधी रेणू समजून घेऊ

यात तीन भाग असतात. पहिला किरणोत्सारी धातू: इंडियम-१११, झिरकोनियम-८९, कॉपर-६४, ल्युटेशियम-१७७ वगैरे. दुसरा प्रथिन, बहुतेक वेळा अँटिबॉडी, जी कॅन्सरच्या पेशीवरचा ठरावीक रेणू ओळखते. तिसरा या दोघांना जोडणारा कीलेटर, म्हणजे धातूला चारी बाजूंनी धरून ठेवणारा रेणू. डोटा, डीटीपीए, डीएफओ ही त्यांतली नेहमीची नावं. यातला डीएफओ म्हणजे डेस्फेरिऑक्सामाइन. थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या शरीरात साठलेलं जास्तीचं लोह बाहेर काढायला जे औषध देतात, तेच हे.

हे काम आपल्यापासून लांब नाही. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होतं, आणि वाशीच्या ‘ब्रिट’मधून अशी उत्पादनं देशभरच्या हॉस्पिटलांत जातात. ट्रास्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या अँटिबॉडींना ल्युटेशियम-१७७ जोडण्याचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं कामही प्रसिद्ध झालेलं आहे. उद्या तुमच्यातलं कुणी तिथे प्रोजेक्टला गेलं तर सीरम स्टॅबिलिटीचा प्रयोग पहिल्या काही महिन्यांतच हातात येईल.

क्षय वेगळा, सुटणं वेगळं

एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवू. मुलाखतीत ‘स्थिरता’ म्हटलं की बरेचजण अर्धायुष्य सांगायला लागतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा मुंबईत सकाळी एक कुपी भरली आणि गाडीनं कणकवलीला आणली. प्रवास आठ तासांचा धरू. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे इथे पोचेपर्यंत साधारण ५ टक्के उरेल. टेक्नेशियम-९९एम चं ६ तास, म्हणजे ४० टक्के उरेल. इंडियम-१११ चं २.८ दिवस, म्हणजे ९२ टक्के. ल्युटेशियम-१७७ चं ६.६५ दिवस, म्हणजे जवळपास ९७ टक्के. हा झाला भौतिक क्षय. तो कुणालाही थांबवता येत नाही आणि कीलेटरचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

स्थिरतेचा प्रश्न वेगळा आहे: जे अणू अजून उरलेत, त्यांतले किती अजून अँटिबॉडीवरच आहेत? हे गुणोत्तर असतं. एकाच नमुन्याचे दोन्ही भाग एकाच वेळी मोजले तर क्षय वर-खाली दोन्हीकडे सारखाच लागतो आणि कटून जातो. पेपरात ‘क्षयासाठी दुरुस्ती केली’ असं लिहिलेलं दिसलं की ती नेमकी कुठल्या आकड्याला केली, ते बघायची सवय लावा.

रक्तात काय वाट बघत असतं

आता खरा मुद्दा. रक्त म्हणजे नुसतं मिठाचं पाणी नाही. त्यात धातू उचलणारी प्रथिनं आधीपासून हजर असतात. ट्रान्सफेरिनचं काम लोह वाहून नेण्याचं, पण त्याला गॅलियम आणि इंडियमही चालतं. अल्ब्युमिनच्या एका टोकाला तांब्यासाठी खास जागा असते.

किती असतात ही प्रथिनं? वही काढा आणि माझ्याबरोबर हिशोब करा. इंडियम-१११ चा १८५ मेगाबेकरेल डोस धरू. झेवालिन या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा स्कॅनसाठी एवढाच इंडियम डोस ठरलेला होता. ॲक्टिव्हिटीला क्षयस्थिरांकानं भागलं की अणूंची संख्या येते: साधारण ६.५ गुणिले १० चा १३ वा घात. मोलमध्ये ०.१ नॅनोमोलच्या आसपास. हे ३ लिटर प्लाझ्मात पसरलं की सांद्रता उरते सुमारे ३६ पिकोमोलर.

समोर ट्रान्सफेरिन आहे सुमारे ३० मायक्रोमोलर. म्हणजे इंडियमच्या एका अणूमागे ट्रान्सफेरिनचे आठ लाखांहून जास्त रेणू. प्रत्येकावर धातूसाठी दोन जागा, आणि निरोगी माणसात त्यातल्या साधारण एक तृतीयांशच लोहानं भरलेल्या असतात. एका अणूसाठी अकरा लाखांच्या आसपास रिकाम्या जागा! गणपतीत कोकणच्या गाडीला एक सीट मिळत नाही, इथे उलटी गत. कीलेटरनं धातूला धरून ठेवायचं ते या परिस्थितीत, आणि तेही दिवसचे दिवस, कारण अख्खी अँटिबॉडी रक्तात दिवसच्या दिवस फिरत राहते.

हा हिशोब डोक्यात ठेवून आता त्या आडव्या रेघेकडे परत बघू.

आक्षेप पहिला: नळीतली गर्दी खरी नाही

काही पेपरांत स्थिरता फक्त फॉस्फेट बफरमध्ये तपासलेली असते. तिथे स्पर्धक प्रथिनच नाही. दुसरा पैलवान आलाच नाही आणि आपण कुस्ती जिंकलो, असं हे झालं. कुपी शेल्फवर किती तास टिकेल हे कळायला ती चाचणी ठीक आहे, रक्ताबद्दल तिच्यावरून काही बोलू नये.

सीरम वापरलं तरी प्रमाण बघा. नेहमीची पद्धत अशी: ०.१ मिली ट्रेसर, ०.९ मिली सीरम. म्हणजे ट्रेसर दहापट पातळ झाला. शिरेत दिलेला १ मिली डोस ३ लिटर प्लाझ्मात हजारोपट पातळ होतो. फरक का पडतो? लेबल करताना सगळ्याच कीलेटरवर धातू बसत नाही, बरेच रिकामे राहतात. नळीतल्या दाट द्रावणात एखादा अणू सुटला तर शेजारचा रिकामा कीलेटर त्याला लगेच परत पकडू शकतो. रक्तात ते शेजारी दूर गेलेले असतात आणि ट्रान्सफेरिन मात्र तेवढंच दाट असतं. तेव्हा नळी आपल्या रेणूला झुकतं माप देते.

अजून एक बारीक गोष्ट: सीरम उघड्या नळीत तापवत ठेवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच ७.४ वरून वर सरकतो. ट्रान्सफेरिनला धातू धरायला कार्बोनेट लागतं, हे लक्षात घेतलं तर ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पेपरात ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा उल्लेख आहे का, हे एका ओळीत कळतं.

आक्षेप दुसरा: पट्टीला सगळी प्रथिनं सारखीच

माझ्या मते सगळ्यात गंभीर आक्षेप हा आहे, आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते.

सुटलेला धातू मोजायची सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. पट्टीच्या खालच्या टोकाला थेंब टाकायचा आणि सायट्रेट किंवा ईडीटीएचं द्रावण वर चढू द्यायचं. मोकळा धातू द्रावणाबरोबर वर जातो, अँटिबॉडीवरचा धातू खालीच राहतो. खालचं टोक मोजलं, ‘९७ टक्के’ लिहिलं, काम झालं.

आता विचार करा. अँटिबॉडीवरून सुटलेला इंडियमचा अणू सीरममध्ये मोकळा बसेल का? अकरा लाख रिकाम्या जागा आहेत. तो ट्रान्सफेरिनवर जाईल. आणि ट्रान्सफेरिन हेही प्रथिनच, तेही पट्टीच्या खालच्या टोकालाच राहतं. ईडीटीए वर चढताना त्यातला थोडा धातू ओढून नेईल, पण पट्टी चढायला लागणाऱ्या काही मिनिटांत सगळा नाही. म्हणजे आपल्याला ज्या घटनेची भीती आहे, नेमकी तीच घटना या पद्धतीला नीट दिसत नाही. धातू मालकाच्या घरात आहे की शेजाऱ्याच्या, हे पट्टी सांगू शकत नाही. ती फक्त एवढंच सांगते की तो रस्त्यावर नाही.

भरीस भर म्हणजे पीएच ७ च्या आसपास मोकळे राहिलेले काही धातू हायड्रॉक्साइडचे बारीक कण बनवतात आणि तेही खालीच अडकू शकतात.

यावर उपाय महाग नाहीत. पहिला: त्याच सीरममध्ये कीलेटरशिवाय नुसता इंडियम क्लोराइड किंवा सायट्रेट टाका, तेवढाच वेळ ठेवा आणि तीच पट्टी चालवा. हा नमुना शंभर टक्के ‘सुटलेला’ आहे हे आपल्याला माहीत आहे. तरीही पट्टी त्याला खालच्या टोकाला ८० टक्के दाखवत असेल, तर तुमच्या ९७ टक्क्यांना काय अर्थ उरला? एका दुपारचं काम आहे हे. दुसरा: मोजण्याआधी नमुन्यात भरपूर डीटीपीए घालून काही वेळ थांबा, म्हणजे सैल बसलेला धातू त्याच्याकडे येईल. तिसरा: आकारानुसार वेगळं करणारा कॉलम वापरा. अँटिबॉडी साधारण १५० किलोडाल्टनची, ट्रान्सफेरिन ८० ची, अल्ब्युमिन ६६ चं. शिखरं थोडी एकमेकांत मिसळतील, पण खोटं बोलणार नाहीत.

आक्षेप तिसरा: मोठा लॉग के पुरेसा नाही

एम.एस्सी.ला आपण स्थिरता स्थिरांक शिकतो. आकडा मोठा म्हणजे संयुग मजबूत, एवढंच डोक्यात राहतं. कॉपर-डोटाचा लॉग के साधारण २२, म्हणजे एकावर बावीस शून्यं. मग ते रक्तात सुटायलाच नको.

पण सुटतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं २००० मध्ये दाखवलं की कॉपर-६४ लावलेल्या टेटा-ऑक्ट्रिओटाइडमधून तांबं उंदीरजातीच्या रॅट या प्राण्याच्या यकृतात सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमवर जातं. टेटा हा डोटाचाच चुलतभाऊ, त्याचा स्थिरांकही भरभक्कम. तरी ही गत.

कारण मालवणच्या रापणकराला विचारलंत तरी सापडेल. गाठ किती घट्ट आहे हा एक प्रश्न, आणि सतत ओढ बसली तर ती किती वेळात ढिली होते हा दुसरा. स्थिरांक पहिल्याचं उत्तर देतो, आणि तेही शुद्ध पाण्यात, समतोल आल्यावर. शरीरात समतोल कधी येतच नाही. रक्त वाहत असतं, सुटलेला धातू लगेच दुसरीकडे नेला जातो. म्हणून इथे सुटण्याचा वेग, म्हणजे कायनेटिक जडत्व जास्त महत्त्वाचं ठरतं. हे तपासायला पेपरात तीव्र आम्लात संयुग किती वेळ टिकतं हे दिलेलं असतं. ती चाचणी रक्तासारखी नाही, पण वेगाबद्दल काहीतरी सांगते.

म्हणूनच ‘डोटा स्थिर आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. ल्युटेशियमसाठी डोटा फार चांगला. तांब्यासाठी तसा नाही. झेवालिनमध्येही दिसायला इंडियम आणि उपचाराला यिट्रियम-९० होतं. अशा जोडीत इंडियम जागेवर राहिलं म्हणून यिट्रियमही राहील असं गृहीत धरता येत नाही, आणि सुटलेलं यिट्रियम हाडात जाऊन बसतं, जिथे अस्थिमज्जा असते. जोडी बदलली की परीक्षा नव्यानं.

मात्र इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉपर-६४ डोटाटेटला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. कीलेटर डोटाच! मग आधीचं सगळं खोटं का? नाही. डोटाटेट हा लहान पेप्टाइड, रक्तातून पटकन निघून जातो, आणि स्कॅन इंजेक्शननंतर तास-दीड तासात होतो. तेवढ्या वेळापुरतं ते पुरतं. तोच कॉपर-डोटा आठवडाभर फिरणाऱ्या अँटिबॉडीवर लावलात तर हिशोब बदलला. तेव्हा ‘स्थिर आहे का?’ असा प्रश्न विचारू नका, ‘किती वेळ आणि कशासाठी?’ असं विचारा.

हाडातला ठिपका

सीरमची चाचणी नीट केली, तरीही ती कुठे अपुरी पडते याचं उत्तम उदाहरण म्हणजे झिरकोनियम-८९. डीएफओवर बसवलेल्या झिरकोनियमच्या अँटिबॉडी सीरममध्ये आठवडाभर ९५ टक्क्यांच्या वर टिकल्याचे निकाल आहेत. त्याच प्रकारच्या अँटिबॉडी उंदरांना दिल्या की काही दिवसांत हाडं उजळलेली दिसतात. सुटलेल्या झिरकोनियमला हाड आवडतं.

नळीत हाड नसतं, यकृत नसतं. अँटिबॉडी पेशीच्या आत ओढली जाते, तिथल्या आम्लधर्मी पिशव्यांत तिचे तुकडे होतात, तेही नळीत घडत नाही. शिवाय रसायनशास्त्राच्या बाजूनंही कारण आहे: डीएफओ झिरकोनियमला सहा ठिकाणी धरतो, पण झिरकोनियमला आठ हवे असतात. म्हणून २०१४ मध्ये आठ हातांचा डीएफओ-स्टार आला आणि हाडातलं प्रमाण कमी झालं. बघा, प्रश्न मान्य केला म्हणून उत्तर शोधलं गेलं. सीरमच्या आडव्या रेघेवर सगळे समाधानी राहिले असते तर नवा कीलेटर कुणी बनवलाच नसता.

माणसात हे हाडाचं चित्र उंदराइतकं ठळक दिसत नाही, हेही खरं. पण स्तनाचा कॅन्सर हाडात पसरतो. ट्रास्टुझुमॅबसारखी अँटिबॉडी वापरून स्कॅन केला आणि मणक्यात ठिपका दिसला, तर डॉक्टरला ठरवायचं असतं की हा आजार आहे की रसायन. त्या क्षणी ‘९५ टक्के’ या आकड्याच्या मागे कुठली चाचणी होती, यानं फरक पडतो.

धातू राहिला, पण अँटिबॉडी राहिली का?

शेवटचा आक्षेप छोटा आहे. ल्युटेशियमसारखा बीटा किरण सोडणारा धातू स्वतःच्याच अँटिबॉडीला इजा करतो. म्हणून कुपीत ॲस्कॉर्बिक आम्ल किंवा जेंटिसिक आम्ल घालतात. धातू जागेवर शंभर टक्के, पण अँटिबॉडीला कॅन्सरची पेशी ओळखताच येत नाही, असंही होऊ शकतं. त्यासाठी पेशींवर बांधणी तपासावी लागते. लिंडमो यांची १९८४ ची पद्धत अजून वापरली जाते. पेपरात ही चाचणी फक्त पहिल्या दिवशी केली असेल आणि धातूची स्थिरता सातव्या दिवसापर्यंत, तर ती अर्धीच कहाणी आहे.

मग करायचं काय?

कुणी म्हणेल, लहान प्रयोगशाळेत कॉलम नाही, प्राण्यांची परवानगी नाही, मग काय पेपरच लिहायचा नाही? लिहायचा की. माझा आक्षेप स्वस्त चाचणीला नाही. स्वस्त चाचणीवरून महाग निष्कर्ष काढायला आहे. ‘या परिस्थितीत, या पद्धतीनं, मोकळा धातू इतका दिसला, ट्रान्सफेरिनवर गेलेला धातू या पद्धतीनं वेगळा करता आला नाही’ असं लिहायला पैसे लागत नाहीत. परीक्षकाला असं वाक्य दिसलं तर तो तुम्हाला कमी लेखणार नाही, उलट विश्वास ठेवेल.

आता तुमचा गृहपाठ. या विषयावरचा कुठलाही एक पेपर घ्या, स्टॅबिलिटीचा आलेख बाजूला ठेवा आणि आधी पद्धतींचा भाग वाचा. वहीत पाच उत्तरं लिहा:

१. समोर स्पर्धक कोण होता: बफर, सीरम की प्लाझ्मा?
२. ट्रेसर किती पट पातळ केला?
३. किती दिवस ठेवला, आणि तो काळ त्या रेणूच्या रक्तातल्या मुक्कामाशी जुळतो का?
४. मोजायच्या पद्धतीला अँटिबॉडीवरचा धातू आणि ट्रान्सफेरिनवरचा धातू वेगळा दिसतो का? तसा नियंत्रण नमुना ठेवला होता का?
५. शेवटच्या दिवशी अँटिबॉडी अजून पेशी ओळखत होती का?

पाचही उत्तरं लिहून झाल्यावरच आलेख बघा. काही वेळा रेघ तितकीच भक्कम वाटेल, आणि मग त्या गटाबद्दल आदर वाढेल. काही वेळा तीच रेघ, तोच आकडा, पण तुम्हाला कळेल की त्यानं सिद्ध काहीच केलेलं नाही. पीएच.डी.च्या मुलाखतीत ‘या पेपरात काय कमी आहे?’ असं विचारलं तर सांगायला तुमच्याकडे चौथा प्रश्न असेल. तेवढा एक पाठ करा, बाकीचे आपोआप सुचतील.